खाल्लेले टिकत नाही, मग बाळाला काय मिळणार?

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या मनात हाच प्रश्न असतो. गेल्या पावसाळ्यात गोव्यातील फोंडा तालुक्यातील एक तरुणी तो घेऊन सासूबाईंसह आली होती. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला नववा आठवडा चालू होता. ती एका कारखान्यात कामाला होती आणि सकाळी बस गाठण्यापूर्वी तिला एक-दोन उलट्या होतच असत. "म्याडम, दोन जिवांची आहे, पण पेजेचा वाडगा पुढे केला की तोंड फिरवते," असे सासूबाई म्हणाल्या तेव्हा त्यांच्या स्वरातील भीती लपत नव्हती.

आधी ती भीती दूर करणे आवश्यक होते. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाचे वजन जेमतेम १४ ग्रॅम असते. त्याची गरज या काळात फार थोडी असते आणि ती आईच्या शरीरातील साठ्यातून भागते. रोज सुमारे ३५० किलोकॅलरी जादा घ्याव्यात असे जे सांगितले जाते, तेही दुसऱ्या तिमाहीपासून. ही मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या महिन्यात ओसरते, हेही मी दोघींना सांगितले. सून नखरे करते आहे अशी शंका घरात कोणाला असेल, तर तीही दूर व्हावी म्हणून मी पुढची माहिती मुद्दाम दिली : २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, वारेतून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी या त्रासाचा थेट संबंध दिसून आला असून, ज्या स्त्रीच्या रक्तात गरोदरपणापूर्वी ते कमी असते तिला त्रास अधिक होतो.

त्यानंतर मी तिला आदल्या दिवसाचा खाण्यापिण्याचा हिशेब विचारला, आणि अडचण तिथेच सापडली. रात्री साडेआठला दोन घास भात, पहाटे उठल्यावर रिकाम्या पोटी कपभर चहा, मग उलटी, मग बसचा प्रवास आणि थेट दहाच्या सुट्टीत पहिला नाश्ता. म्हणजे तेरा तासांहून अधिक काळ पोटात अन्न नव्हते. उलटी होईल या धास्तीने ती खाणे टाळत होती आणि रिकाम्या पोटामुळे मळमळ वाढत होती. हे चक्र मी इतक्या जणींच्या बाबतीत पाहिले आहे की काय खावे यापेक्षा किती वेळ उपाशी राहता, हाच प्रश्न मी आता आधी विचारते.

आम्ही ठरवलेला पहिला बदल सर्वांत लहान होता. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कडक काकणे (बांगडीच्या आकाराचे कडक पाव) उशाशी डब्यात ठेवायची, जाग आल्यावर उठण्याआधी अंथरुणातच एक काकण सावकाश चावून खायचे आणि पंधरा-वीस मिनिटांनीच पाय खाली टेकायचे. कोरड्या, कमी तुपाच्या आणि वास नसलेल्या पदार्थासाठी गोव्यात महागडी बिस्किटे शोधण्याची गरज नाही. चहा त्यानंतर, तोही अर्धा कप. रात्री झोपण्यापूर्वी मूठभर भाजलेले चणे किंवा कपभर दूध घेतल्यास सकाळपर्यंतचे अंतर कमी होते. दिवसभरात दर दोन तासांनी थोडे खायचे, भूक लागण्याची वाट पाहायची नाही, आणि पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने घोट-घोट प्यायचे.

पेज सोडण्याचे कारण नव्हते, ती गरम असताना देणे तेवढे थांबवायचे होते. वाफेबरोबर वास वर येतो. तीच उकड्या तांदळाची पेज निवल्यावर, खारातल्या तोरीच्या (कैरीच्या) फोडीसोबत तिला चालली. नारळाचा रस घातलेली सोलकढी तिला जड वाटे, म्हणून नुसत्या सोलांचे (आमसुलांचे) पाणी, चिमूटभर मीठ आणि साखर घालून. खरा प्रश्न सुक्या बांगड्यांचा होता. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरोघरी सुके मासे भाजले जातात आणि त्या वासाने तिला उभे राहवत नसे. "काकी, एवढे दोन महिने मासे ती घरात नसताना भाजाल का?" असे विचारताच सासूबाईंनी मान डोलावली. माझ्या मते या एका होकाराचा उपयोग कोणत्याही पदार्थापेक्षा अधिक झाला.

आल्याचा मिरी घातलेला कडक काढा मात्र मी बंद करायला सांगितला, कारण त्याने तिच्या छातीत जळजळ होत होती. आल्याचा मळमळीवर थोडाफार गुण येतो हे अभ्यासांतून दिसले आहे. पण पातळ चहात ठेचलेला लहानसा तुकडा पुरेसा असतो, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या स्त्रीने तोही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. उलटीनंतर लगेच दात न घासता आधी पाण्याने चूळ भरावी, अन्यथा आम्लाने मऊ झालेले दातांवरील कवच झिजते.

आहाराने भागणार नाही अशी वेळ कोणती, हे मी दोघींकडून पुन्हा वदवून घेतले : चोवीस तास पाणीही टिकत नसेल, लघवी गडद किंवा अगदी कमी होत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, ताप किंवा पोटात दुखणे असेल, अथवा वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलोहून अधिक, घटले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामिन यांसारखी गरोदरपणात दीर्घकाळ वापरली गेलेली औषधे डॉक्टर देऊ शकतात; ती घेणे हा सहनशक्तीचा पराभव मानून काही मुली अंग कोरडे पडेपर्यंत थांबतात, याचे मला फार वाईट वाटते.

पुढच्या भेटीत तिच्या उलट्या थांबलेल्या नव्हत्या, पण वजन स्थिर होते आणि ती बसमध्ये बसून कामावर जात होती. फॉलिक आम्लाची गोळी तिने चालू ठेवली होती. चौथा महिना लागल्यावर डॉक्टरांनी लोहाची गोळी सुरू केली, आणि तिने पुन्हा मळमळ होऊ नये म्हणून ती सकाळच्या चहाबरोबर न घेता रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली.