आप्पांची जागा

प्रिय सई,

१ नोव्हेंबरला तू मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर इथल्या, म्युनिकच्या सिमेट्रीत जाऊन आलीस. कबरींवर लावलेले तांबडे दिवे पाहिलेस आणि रात्री विचारलंस, "आपल्या आप्पांची जागा कुठे आहे? आपण कुठे जायचं?" तो प्रश्न मला लागला. बोलून नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तशी जागा नाही. अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि नाशिकला रामकुंडात सोडल्या. सगळ्याच मराठी माणसांचं असं नसतं. लिंगायत पुरतात, गोसावी समाधी देतात, वसईची ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहून मेणबत्त्या लावतात. आपल्या घरी मात्र तिथी सांभाळतात. आप्पा षष्ठीला गेले, म्हणून भाद्रपद वद्य षष्ठीला त्यांचं पान. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचं सर्वपित्री अमावास्येला.

माझ्या लहानपणी साताऱ्याच्या घरी श्राद्धाच्या दिवशी दारात रांगोळी नसे, स्वयंपाकात कांदा-लसूण नसे. तांदळाची खीर, गवार, लाल भोपळा, कारलं, अळूचं फदफदं, आमसुलाची चटणी आणि भरड्याचे वडे. कावळा घासाला शिवेपर्यंत आम्हा मुलांनाही पान मिळायचं नाही. भूक लागायची, रागही यायचा. तरी त्या वड्यांची चव वर्षातून एकदाच, म्हणून ती माझ्या मनात पितरांचीच होऊन बसली आहे.

माप आजीचंच सांगते. १ वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीदडाळ, पाव वाटी गहू, १ चमचा धने, अर्धा चमचा जिरे, थोडे मेथीदाणे. सगळं कोरडंच भाजून रवाळ दळायचं. पीठ फार बारीक झालं की वडे दडदडीत होतात. हळद, तिखट, मीठ आणि २ चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालून गरम पाण्यात घट्ट भिजवायचं, तासभर झाकून ठेवायचं. थापताना मधे भोक पाडायचं, नाहीतर कडा लाल होतात आणि मधला भाग कच्चा राहतो. तेल पुरेसं तापलं नसेल तर वडा तेल पितो.

तर्पण मामा करतो. दक्षिणेकडे तोंड, जानवं उजव्या खांद्यावर, ओंजळीत काळे तीळ घातलेलं पाणी, आणि ते अंगठा व तर्जनीच्या मधून सोडायचं. वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. आई, आजी, पणजीचीही घेतात. पण नाव घ्यायला उभा राहतो तो मुलगाच, आणि हे मला आजही खुपतं. आप्पांचं नाव मी घरात मोठ्याने घेते. शास्त्र काय म्हणतं ते मामाला विचार. मला ते घेतल्याशिवाय राहवत नाही.

जर्मनीतही कबरीची जागा कायमची नसते. ठिकाणाप्रमाणे मुदत वेगळी, पुष्कळदा २०-२५ वर्षं. पुढे पैसे भरून ती वाढवावी लागते. आपल्याकडे ती मुदत तीन नावांची. पुढची पिढी आली की सर्वांत जुनं नाव मागे सरतं.

आप्पा कावळा होऊन येतात असं मी तुला छातीठोकपणे सांगणार नाही. पण दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववतात. म्हणजे अडलेल्याला वाट ठेवणारी ही माणसं होती. इथे बाल्कनीत कावळा आला नाही तर मी फार ताणत नाही. घास झाडाखाली ठेवते, तोही बिनमिठाच्या भाताचा, कारण खारट-तेलकट पाखरांना बाधतं.

एक गोष्ट मात्र नीट बघावी लागते. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात, भारतात साधारण दीड ते चार. भारतातलं कॅलेंडर इथे जसंच्या तसं चालत नाही. सप्टेंबरमध्ये आपण साडेतीन तास मागे असतो. तिकडे दुपारी ४ ला संपणारी षष्ठी इथे दुपारी साडेबारालाच संपते, मग पान आदल्या दिवशी वाढावं लागतं. म्हणून म्युनिकचं पंचांग लावून बघते.

पुढच्या भाद्रपदात तुझी शाळा असेल. सुट्टी काढ असं म्हणणार नाही. संध्याकाळी आलीस तरी चालेल, वडे ठेवलेले असतील. आणि मनात आलं तर आदल्या रात्री भरडा दळायला ये. मिक्सर थांबून थांबून फिरवावा लागतो, एकटीने कंटाळा येतो.

तुझी,
आई