मांजरीच्या आतड्याला कायमची सूज असेल तर तिला घरी कसं सांभाळायचं?

तुमची मनी नऊ वर्षांची, सहा महिने उलट्या आणि पातळ शी, डॉक्टर आतड्याची जुनी सूज म्हणजे आयबीडी म्हणतायत. ती बरी होईल का आणि घरी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर छोटं आहे: मुळापासून बहुधा जाणार नाही, पण आटोक्यात राहू शकते. आमचा बोका बाळू चार वर्षं हे दुखणं घेऊन साताऱ्यात, गोडोलीतल्या आमच्या घरावर राज्य करतोय.

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण आम्हाला औषधापेक्षा घरातली माणसं आवरणं जड गेलं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने आम्ही 'केसांचा गोळा अडकला असेल' म्हणण्यात घालवले. एका दवाखान्यात जुलाब थांबायचं औषध मिळायचं, चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा गादीवर नकाशा. त्याला काट्यावर मात्र कुणीच ठेवलं नाही, आम्हीसुद्धा नाही. ठेवला तेव्हा ४ किलो २०० ग्रॅमचा बोका ३ किलो ४०० वर आला होता. सत्तर किलोच्या माणसाचे तेरा किलो उतरावेत तसं.

मग टोपलीत घालून शिरवळला नेला. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाई-म्हशींच्या रांगेत आमची टोपली बघून लोक हसत होते. पुढं पुण्यात सोनोग्राफी झाली, आतड्याची भिंत जाड दिसली. ही नुसती सूज की हळू वाढणारा लिम्फोमा म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, हे सोनोग्राफीवरून ठरत नाही, त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो. भुलीच्या भीतीनं आम्ही तो काढला नाही. तुम्ही काढणार असाल तर स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी काढा, नंतर चित्र पुसट होतं. शी आणि रक्ताबरोबर थायरॉइडही तपासलंय ना, तेवढं विचारा. वयस्कर मांजरात ते वाढलं तरी असंच होतं: खाते भरपूर, उलटते आणि वाळत जाते.

आता खाणं. डॉक्टरांनी हायड्रोलाइज्ड खाद्य दिलं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर त्यांच्यावर चवताळत नाही. फरक पडणार असेल तर बहुतेक दोन-तीन आठवड्यांत दिसतो, पण त्या काळात दुसरा एक कणही पोटात जायला नको. इथंच आमचं घोडं अडलं. दहाव्या दिवशी उलटीत मला करड्या रंगाची बारीक मिशी दिसली. सुकट! आमच्या सासऱ्यांना, आप्पांना, विचारलं तर म्हणाले, "एवढंसं तर दिलं, चिमूटभर. तोंडाकडं बघत बसतो गं." दिवस पुन्हा एकपासून मोजले. शेवटी त्याच खाद्याचे दाणे एका डबीत भरून आप्पांच्या हाताशी ठेवले, द्यायचं तर हेच द्या. बाळूला सुकट नको होती, आप्पांच्या हातचं हवं होतं. शेजारच्या काकूंच्या दुधाच्या वाटीला मात्र असा तोडगा निघाला नाही, खिडकीलाच जाळी मारली. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, हे आपल्याकडं कुणालाच पटत नाही.

नुसत्या खाद्यानं पुरतं भागलं नाही म्हणून प्रेडनिसोलोन, म्हणजे ते स्टेरॉइड, आलं. ते मनानं एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर उतरवत नेतात. गोळी कोरडी गिळवू नका, घशाखाली अन्ननलिकेत चिकटून बसते. मी गोळी दिली की सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं पाणी सोडते, एकदम नाही, थेंब-थेंब. तो जीभ फिरवतो, म्हणजे गेली. पाणी प्यायचं आणि शूचं प्रमाण अचानक वाढलं तर साखर तपासून घ्या, स्टेरॉइडनं मधुमेह होऊ शकतो. बी-१२ सुद्धा बघायला सांगा. या दुखण्यात आतडं ते ओढून घेत नाही आणि कमी पडलं की भूकच मरते. बाळूला आधी दर आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं झाली, आता महिन्याला एक.

पोट दुखतंय वाटलं तरी माणसाची पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजराला ती विष आहे. कांदा-लसणाचा रस्साही नको. आणि एक दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, फोन करा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतावर चरबी साठून जीवावर बेततं.

आमच्या फ्रिजवर एक वही टांगलेली असते. तारीख, उलटी, शी, गोळी आणि दर रविवारी वजन. प्लास्टिकच्या पाटीत बसवून डिजिटल काट्यावर ठेवते, पाटीचं वजन वजा. स्वतः उचलून घेऊन काट्यावर उभं राहू नका, शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते आणि आपल्याला नेमके तेवढेच ग्रॅम बघायचे असतात.

मनीचं वजन किती होतं आणि आता किती आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आजच करा आणि खाली लिहा. सध्या कुठलं खाद्य चालू आहे आणि घरात तिला चोरून भरवणारं कोण आहे, तेही.