रक्त द्यायचं, पण धाकटीच्या लग्नाचं काय?

थोरल्या मुलाला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, त्याच्या काकांनाही तोच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा गोळ्यांवर बरा आहे, दुपारपर्यंत दुकानात बसतो. तपासणीला गेल्यावर संशोधन सहायकाने विचारलं, ‘एकाच घरात दोघांना आजार असलेल्या कुटुंबांचा आनुवंशिक अभ्यास चालू आहे, तुम्ही चौघं याल का?’ अकरा पानी माहितीपत्रक घरी आलं आणि आईची झोप उडाली. पोरावर प्रयोग करणार का? नाही म्हटलं तर डॉक्टर उपचार बंद करतील का? आणि धाकटीच्या रक्तात काही निघालं, तर तिचं लग्न कसं जमायचं?

आईचा खरा प्रश्न शेवटचाच होता. बाकीचे दोन त्याच्या पुढे उभे केलेले.

अशा अभ्यासातून ‘हिला आजार होणार’ असा रिपोर्ट मिळत नाही, कारण तसा देताच येत नाही. स्किझोफ्रेनियामागे एकच एक जनुक नसतं. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, त्यात परिस्थिती आणि गांजासारखी व्यसनं भर घालतात. एरवी शंभरात साधारण एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात नऊ-दहा जणांना. म्हणजे नव्वद जणांना होत नाहीच. धाकटीने रक्त दिलं काय, नाही दिलं काय, हा आकडा तोच राहतो.

गुप्ततेचं काय? नळीवर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी ठेवतात. बातमी फुटते ती बहुधा दारातून: रुग्णालयाची गाडी गल्लीत येते, किंवा घरच्या फोनवर भलत्यालाच निरोप दिला जातो. म्हणून आईने सहायकाला आधीच सांगितलं की घरी यायचं नाही, फोन फक्त याच मोबाइलवर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर कुठून बोलताय ते सांगायचं नाही. हे लिहून घ्यायला लावणं चांगलं. आणखी एक नाजूक गोष्ट विचारून ठेवावी. कुटुंबाच्या जनुकीय तपासणीत दत्तक घेतल्याचं किंवा पितृत्वाचं गुपित उघडं पडू शकतं. ते कुणालाही कळवणार नाही, असं माहितीपत्रकात आहे का ते पाहावं.

‘प्रयोग’ या शब्दाची भीती मात्र कागद वाचला की निम्मी होते. यात औषध द्यायचं नव्हतं, चालू गोळ्या बदलायच्या नव्हत्या. दोन-तीन तासांची मुलाखत, थोडं रक्त आणि मेंदूचा एमआरआय, एवढंच. मुलाखत सगळ्यात जड जाते. घरात कुणी आत्महत्या केली का, दारू किती, मारहाण होती का, असं सगळं विचारतात. ती एका बैठकीत उरकू नये. मधे थांबता येतं, एखादा प्रश्न सोडताही येतो. एमआरआयला मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना सगळं काढावं लागतं आणि अर्धा-पाऊण तास अरुंद नळीत न हलता पडून राहावं लागतं.

आई म्हणाली, ‘सही मीच करते, त्याला काय कळतंय?’ मुलगा सव्वीस वर्षांचा. निदान झालं म्हणजे समज गेली असं नाही. मानसिक आरोग्य काळजी कायदा, 2017 च्या कलम 99 प्रमाणे संशोधनाला त्या व्यक्तीचीच मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लागते, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते. ती देण्याइतकी समज त्या वेळी खरोखर नसेल, तर नुसती नातेवाईकांची सही चालत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते.

म्हणून माहितीपत्रक त्याला थोडं थोडं वाचून दाखवलं आणि चार गोष्टी त्याच्याच शब्दांत सांगायला लावल्या: काय करणार, त्रास काय, फायदा काय, नको म्हटलं तर काय. फायद्यावर तो म्हणाला, ‘रक्तातनं माझा आजार बरा करणार.’ हा गैरसमज सर्रास आढळतो आणि नुसत्या ‘समजलं का?’ला ‘हो’ आलं की तो दडून राहतो. तुला स्वतःला काही मिळणार नाही, पुढे कुणाला उपयोग होईल, हे सांगितल्यावर तो थोडा गप्प झाला आणि मग विचारलं, ‘गाडीभाडं देणार का?’ रास्त प्रश्न. प्रवासखर्च बहुतेक अभ्यासांत देतात. तपासणीचे पैसे तर आपल्याकडून घेताच कामा नयेत.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो चौकटींच्या पानाला. नमुना पुढच्या अभ्यासांना वापरायचा का, दुसऱ्या संस्थेला पाठवायचा का, तुम्हाला पुन्हा फोन करायचा का: प्रत्येकाला वेगळं हो-नाही असतं, आणि घाईत सगळीकडे बरोबरची खूण पडते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या एडीबीएस नावाच्या कुटुंब-अभ्यासासारख्या कामात रक्तातल्या पेशींपासून मूलपेशी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनवता येतात) तयार करतात. त्या वर्षानुवर्षं वाढवता येतात. अभ्यासातून बाहेर पडल्यावर नमुना नष्ट करा असं सांगता येतं, पण तोवर झालेलं विश्लेषण सहसा परत घेता येत नाही.

मुलाने रक्त आणि मुलाखतीला हो म्हटलं, एमआरआयला नाही. वडिलांनी सगळ्याला हो म्हटलं. धाकटी नको म्हणाली. ‘दादासाठी एवढंही नाही करणार?’ हे वाक्य घरात दोनदा झालं. हा दबावही संमतीला बाधकच, मग तो डॉक्टरांचा असो की आईचा. तिचा नकार तिनेच सहायकाला फोनवर कळवला, डॉक्टरांच्या केबिनमध्ये नव्हे. उपचार करणारे आणि संशोधन करणारे डॉक्टर एकच असले की तोंडावर नाही म्हणणं जड जातं. तिच्या नकाराने भावाच्या गोळ्या थांबल्या नाहीत, ओपीडीची तारीखही तीच राहिली. तसं झालं असतं तर माहितीपत्रकावरच्या एथिक्स कमिटीच्या (संशोधनावर नजर ठेवणाऱ्या समितीच्या) नंबरवर तक्रार करायची, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

औषधाच्या चाचणीचं विचारलं तर मात्र प्रश्न वेगळे. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीचा क्रमांक मागून इंटरनेटवर ताडून पाहा. औषध नसलेली, दिसायला सारखी गोळी मिळण्याची शक्यता किती, चालू गोळ्या बंद करणार का, मधेच आजार उसळला तर रात्री कुणाला फोन करायचा, हे लेखी घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर 2019 च्या औषध-चाचणी नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाई मिळते. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मात्र सहीच्याच दिवशी मागून घ्या. नंतर ती मिळवायला हेलपाटे घालावे लागतात.