पडदा पडला, ग्रुप पांगला

प्रश्न : ताई, मी एसवायला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते. यंदा पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत आमच्या एकांकिकेचं बॅकस्टेज केलं. दोन महिने रोज रात्रीपर्यंत तालीम. त्या नादात रूममेटशी बोलणंच तुटलं, तिचा वाढदिवससुद्धा विसरले. आम्ही फायनलला गेलो नाही. आता नाटकवाले कँटीनमध्ये नुसती मान हलवतात. मी मूर्ख ठरले का?

उत्तर : मूर्ख कसली! मीही कॉलेजात नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळायचे. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत, अंधारात, एका मुलाच्या डाव्या हातात कंदील द्यायचा, हे माझं काम. त्याचा श्वास लागला की वाक्य चुकणार, हे मला कळायचं. त्याचं घर कुठे, घरी कोण, हे मात्र स्पर्धा संपेपर्यंत माहीत नव्हतं. तालमीतली जवळीक अशीच असते, खरी पण कामापुरती. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे १९६३ पासून, पुण्यातली पोरं तासाभराच्या एकांकिकेसाठी अशीच एकमेकांना चिकटतात. ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडताना तर सगळे सख्खेच वाटतात.

त्यातून तुम्ही हरलात. हरलेल्या टीमला एकमेकांची तोंडं बघवत नाहीत गं. समोरचा दिसला की पडलेला सेट आठवतो. ती हललेली मान मला तरी तुसडेपणाची वाटत नाही. (२०२२ साली तर परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता. त्या वर्षी किती कँटीनं गप्प झाली असतील!)

सेट ठोकताना शेवटपर्यंत तुझ्याबरोबर कोण थांबलं होतं? फक्त त्याला किंवा तिला फोन कर. नाटक सोडून काहीही बोल. बाकीच्यांच्या मागे लागू नकोस.

रूममेटचं मात्र मला जास्त लागलं. तिथे चूक तुझीच आहे. आता केक नेऊ नकोस, इतक्या उशिरा केक म्हणजे पुन्हा नाटकच. तिच्या वेळेला मेसमध्ये जा, समोर बस, ‘विसरले, चुकलं’ एवढंच म्हण. तालमींचं पुराण लावू नकोस. या दोन महिन्यांत तिचं काय काय झालं, ते विचार. ती चिडून बोलली तर ऐकून घे.

आणि फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या पुढच्या स्पर्धेच्या, तालमी लागल्या की ग्रुप आपोआप जागा होईल, बघच. तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ रूममेटची, हे दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगून टाक. तो कुरकुरेल. कुरकुरू दे.