स्विंडनमधले कौन्सिलचे घर आणि पेडण्यातला हिस्सा

प्रश्न : माझा मुलगा २०१९ साली पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला व स्विंडनमध्ये एका गोदामात नोकरी करतो. तो, सून, १२ वर्षांचा नातू आणि ९ वर्षांची नात भाड्याच्या एका खोलीत राहतात. घरमालक आता खोली रिकामी करा म्हणतो. ओळखीचे सांगतात की कौन्सिलचे (तिथल्या स्थानिक पालिकेचे) घर फुकट मिळते, फक्त त्यावर बोली लावावी लागते. हे खरे आहे काय? यजमानांच्या पश्चात पेडण्यातल्या आमच्या घरावर मुलाचेही नाव लागले आहे. ते अर्जात लिहू नये, असाही सल्ला मिळाला आहे.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : शेवटचा सल्ला सर्वांत धोक्याचा असल्यामुळे आधी त्याविषयी. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार वडिलांच्या निधनानंतर मुलाला हिस्सा मिळतो, आणि लग्नापूर्वी वेगळा करार नोंदवलेला नसेल, तर त्या हिश्श्याची निम्मी मालकी सुनेकडे जाते. इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्ता वाटून देण्याची कायदेशीर प्रक्रिया) झालेली नाही म्हणून हा हक्क नाहीसा होत नाही. कौन्सिलच्या अर्जात अन्यत्र, परदेशातसुद्धा, मालमत्ता आहे काय असे सहसा विचारलेले असते. तेथे ‘होय’ लिहावे आणि घराची वाटणी झालेली नाही, त्यात आई राहते व ते विकून पैसा हाती येण्यासारखा नाही, हेही स्पष्ट करावे. अशा हिश्श्याला किती वजन द्यायचे हे कौन्सिल आपल्या नियमांनुसार ठरवते. माहिती दडवणे मात्र १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याखाली गुन्हा आहे आणि मिळालेले घरही त्यापायी हातचे जाऊ शकते. एक-चौदाचा उतारा (जमिनीवर कोणाची नावे आहेत ते दाखवणारा सरकारी कागद) हल्ली घरबसल्या पाहता येतो, हे सल्लागार मंडळी विसरलेली दिसतात.

आता पात्रता. आपला मुलगा ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून तेथे राहत असल्यामुळे त्याने ब्रेक्झिटनंतर तेथे राहण्याचा हक्क देणाऱ्या, युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेत अर्ज केलेला असणार. त्याला ‘सेटल्ड स्टेटस’ (कायम राहण्याचा दर्जा) मिळालेले असेल, तर अडचण नसावी. ‘प्री-सेटल्ड’ (त्याआधीचा तात्पुरता दर्जा) असेल, तर नुसता तो दर्जा पुरत नाही. नोकरी किंवा धंदा चालू असल्याचे दाखवावे लागते, म्हणून पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात. भारतीय पासपोर्टवर वर्क व्हिसा घेऊन आता जाणाऱ्या मुलांना ही वाट सहसा बंद असते, कारण सरकारी साहाय्य घेता येणार नाही अशी अट त्यांच्या व्हिसावरच असते.

पात्र असणे म्हणजे घर मिळणे नव्हे. २०११ च्या कायद्यापासून इंग्लंडमधील प्रत्येक कौन्सिल घरांच्या प्रतीक्षायादीत कोणाला घ्यायचे याचे नियम बऱ्याच अंशी स्वतः ठरवते, आणि त्या भागात काही वर्षांचे वास्तव्य किंवा नोकरी असावी अशी अट बहुतेक ठिकाणी आढळते. बेघर झालेले, दाटीवाटीने राहणारे, आजारपणामुळे घर बदलणे भाग पडलेले अशांना कायद्याने प्राधान्य द्यावे लागते. १२ वर्षांचा भाऊ आणि ९ वर्षांची बहीण यांना एकच झोपण्याची खोली पुरेशी मानत नाहीत, तेव्हा दाटीचा मुद्दा आपल्या मुलाच्या बाजूने आहे. मात्र अशा तीन झोपण्याच्या खोल्यांच्या घरांसाठी कित्येक वर्षे थांबावे लागते.

बोली लावण्यात पैशाचा संबंध नाही. रिकाम्या घरांच्या यादीतून पसंती कळवायची, आणि पसंती कळवणाऱ्यांपैकी ज्याची निकड मोठी व नोंदणी जुनी त्याला घर, अशी साधारण पद्धत आहे. घर फुकटही नसते. खासगी भाड्यापेक्षा बरेच कमी असले, तरी भाडे भरावेच लागते, कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) निराळा, आणि भाडेकरूचे पहिले वर्ष अनेक ठिकाणी परीक्षेचे असते.

घरमालकाने तोंडी सांगितले म्हणून मुलाने आपण होऊन खोली सोडू नये. तसे केल्यास ‘जाणूनबुजून बेघर झाला’ असा शेरा बसून पुढची मदत अडू शकते. लेखी नोटीस मागावी, ती घेऊन लगेच कौन्सिलच्या बेघरविषयक विभागात जावे. ५६ दिवसांच्या आत छप्पर जाण्याची शक्यता असेल, तर ते टाळण्यासाठी मदत करणे २०१७ च्या कायद्याने कौन्सिलवर बंधनकारक आहे. प्रतीक्षायादीतील नाव आणि बेघरविषयक विभागाकडचा हा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा दोन्ही एकाच वेळी कराव्यात.