नेताजींना नेणाऱ्या पाणबुड्यांचं पुढे काय झालं? त्यातल्या खलाशांची आठवण आपण ठेवावी का?

दोन्ही पाणबुड्या १९४४ साली बुडाल्या. आठवण ठेवायलाच हवी, पण ठेवायची तर पुरती ठेवावी.

नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या जर्मन पाणबुडीतून निघाले. आत सगळीकडे डिझेलचा वास. पांघरुणांना तर होताच, हसन यांच्या सांगण्याप्रमाणे पावालाही होता. मादागास्करच्या आग्नेयेला जपानची आय-२९ भेटली. समुद्र इतका खवळलेला की पाणबुड्या एकमेकींच्या जवळ आणणं धोक्याचं. शेवटी २८ एप्रिलला दोघं रबरी होडीतून, नखशिखांत भिजत पलीकडे गेले. दोन्हीकडच्या खलाशांनी जीव धोक्यात घातला म्हणूनच हे जमलं. त्या खलाशांविषयी मात्र आपल्याकडे कुणी बोलत नाही.

२६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाजवळ अमेरिकेच्या सॉफिश या पाणबुडीने आय-२९ बुडवली. एकच खलाशी वाचला. पुढच्याच महिन्यात यू-१८० बिस्केच्या उपसागरात गेली, ५६ च्या ५६ जणांसह.

आता मुंबईकर म्हणून मला जे सांगितल्याशिवाय राहवत नाही ते. नेताजींना घ्यायच्या पाच महिने आधी याच आय-२९ ने एस. एस. तिलावा बुडवली होती. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघालेली बोट, साडेनऊशेच्या आसपास माणसं, बहुतेक आपलेच प्रवासी आणि खलाशी. २३ च्या पहाटे पहिला टॉर्पेडो लागला. लोक जीवरक्षक होड्यांत उतरले. बोट तरंगतेय असं पाहून काही जण परत वर चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले.

म्हणून आय-२९ च्या खलाशांसाठी हात जोडताना माझं मन अडखळतं, तरीही मी जोडतो. हुकूम त्यांचा नव्हता, आणि त्यांच्याही घरी कुणी वाट बघत होतंच. फक्त त्याच दमात तिलावाचं नाव घेतलं जावं, एवढा माझा आग्रह आहे.

तुम्ही मुंबईत असाल तर मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये जाऊन या. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या, ज्यांना थडगं नाही अशा हजारो हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. स्टेशनपासून फार लांब नाही, पण आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं.