वजनमर्यादा वाढवण्याआधी काट्यावर जा

कॅम्परची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीची, कायदेशीर वजनमर्यादा वाढवायचा अर्ज नंतर करा, आधी गाडी वजनकाट्यावर न्या. तीही प्रवासाला निघतो तशीच: पाण्याची टाकी भरलेली, गॅस, सायकली, माणसं सगळं आत. एकूण वजनावर थांबू नका, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांची जोडी जोडणारा आस) वेगवेगळा मोजा. माझं एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागचा अ‍ॅक्सल जास्त भरला. मागे टांगलेल्या सायकलींनी घात केला. अ‍ॅक्सलच्या मागचं ओझं त्यावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं.

मग टायरवरचा भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, वाचा. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, जोडीला २,२४०. अ‍ॅक्सलची मर्यादा त्यापुढे न्यायची तर टायर बदलावेच लागतात. नुसत्या एअर सस्पेन्शनने (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्यांनी) कायदेशीर मर्यादा वाढत नाही, नोंदणीत बदल हवाच. आणि युरोपात ३,५०० किलो ओलांडायचे असतील तर आधी लायसन्स तपासा हो!